जिभेखालची माया

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाचा! बसमध्ये बसून बसून अंग आंबलं होतं, पण उतरताच मोठे डॉक्टर स्वतः पुढे आले आणि मी नको नको म्हणत असताना माझी जड बॅग त्यांनी खांद्याला लावली. साऱ्या गावाच्या दाढा उपटण्यात हयात गेलेला माणूस इतका हसरा असू शकतो, हे पाहून बरं वाटलं. आमच्या कॉलेजातले मास्तर तर कायम स्वतःचीच दाढ ठणकत असल्यासारखं तोंड करून फिरायचे.

दवाखाना छोटा पण टापटीप आहे. दोन खुर्च्या, एक नवी आणि एक जुनी. जुनी माझ्या वाट्याला, हे ओघानं आलंच. तिची गादी एका बाजूला खचलीय आणि वर करायचं पेडल दाबलं की ती म्हाताऱ्या माणसासारखी कण्हते. मोठ्या खिडकीतून कालवा दिसतो, त्यावरचा दगडी पूल दिसतो, पलीकडे शाळा. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मला दिल्यात. मागच्या अंगाला डॉक्टर आणि काकू राहतात. त्यांना मूलबाळ नाही. म्हणून की काय, काकूंनी मला पाहताच गालावरून हात फिरवला आणि किती रे वाळलास, म्हणाल्या. मला त्या आयुष्यात पहिल्यांदाच बघत होत्या.

लगेच गरम सूपही घेऊन आल्या. मीठ बरोबर आहे का ते पाहायला त्यांनी माझ्यासमोर चमचा तोंडात घातला, चांगला घोळवला, आणि तोच चमचा वाडग्यात बुडवून वाडगा माझ्या हातात दिला. निवू दे म्हणून मी तो बाजूला ठेवला आणि त्या गेल्यावर मोरीत ओतून दिला. पाप लागणार मला. ताईला फोनवर सांगितलं तर हसून हसून तिला ठसका लागला. साबणसुद्धा धुऊन वापरणारा माझा भाऊ, म्हणाली, आणि धंदा निवडला तो लोकांच्या तोंडात हात घालायचा!

तिचं खरं आहे. पण हातात मोजे असतात, तोंडावर मास्क असतो. सुताराला लाकडाची किळस येत नाही, तसं माझं. उष्टं मात्र मला लहानपणापासून चालत नाही. आईने घोट घेतलेल्या पेल्यातलं पाणीही माझ्या घशाखाली उतरायचं नाही.

खिडकी उघडून लिहितोय. शेजारच्या बेकरीतून पावाचा वास येतोय. वाटतं, इथे रमेन मी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पहिला दिवस. पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांना नाराज केलं.

हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, कोपऱ्यात धूळ खात पडलंय. त्यावर चक्क फुलदाणी ठेवलीय. आमच्या सिस्टर आरसे, चिमटे, कोरण्या सगळं एका टबात कोमट पाण्यात बुचकळतात आणि फडक्याने पुसून पुढच्या पेशंटच्या तोंडात जायला तयार. साबणसुद्धा नाही. मी म्हटलं, निदान उकळतं तरी पाणी घ्या. तर म्हणे, फार गरम पाण्याने त्रास होतो. कोणाला त्रास होतो विचारलं तर नुसत्या हसल्या. चांगल्या आहेत बिचाऱ्या, पण हसताना ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येते आणि ती त्या जिभेने परत आत घेतात. मी नजर फिरवली.

यंत्राला फार काही झालेलं नव्हतं. झाकणाचं रबर फाटलेलं. दुपारी जाऊन नवं आणलं, बसवलं, सुरू केलं. मोठे डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. वाफेची शिटी झाली तेव्हा त्यांनी हाताने स्वतःची हनुवटी झाकून घेतली, जशी आपण मोठ्या आवाजाला लहान मुलाचे कान झाकतो.

पेशंट खूप आले. एकाचंही काही दुखत नव्हतं. लोक शेजारी गप्पांना जावं तसे येतात, खुर्चीत आडवे होतात, बघा म्हणतात. हिरड्या तर अशा निरोगी की पुस्तकात छापाव्यात. पण लाळ! इतकी लाळ मी कधी पाहिलेली नाही. लाळ ओढून घेणारी नळी सतत गुरगुरत होती, बाटली दोनदा रिकामी करावी लागली. दाट, दुधट, तार सुटणारी. आणि जीभ वर उचला म्हटलं की कोणीच उचलत नाही. ऐकूच आलं नाही असं करतात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज कामानंतर गावात फिरलो. स्वच्छ रस्ते, रंगवलेली दारं, कुणी कुणावर ओरडत नाही. पोस्टात दोन माणसं एकाच वेळी खिडकीशी आली तर आधी तुम्ही, आधी तुम्ही करत राहिली. अशा गावात यायला लोक नशीब लागतं म्हणतात.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर झोप लागणार नाही. इथे कोणाला उष्ट्याचं काही वाटत नाही. चहाच्या दुकानात एकच मोठा मग टेबलाभोवती फिरत होता. वाणी पिशवी उघडायला बोट तोंडात घालतो. इतपत जगात कुठेही चालतं, पण हा पार मुळापर्यंत घालतो आणि काढतो तेव्हा बोटापासून ओठापर्यंत तार लोंबते. त्याच बोटाने त्याने माझी बिस्किटं मोजून दिली. मी पुलावरून ती माशांना टाकली.

पुलाच्या कठड्याशी एक आई बसली होती. मुलगा चांगला सहा-सात वर्षांचा, पाठीला दप्तर. ती पावाचा तुकडा तोंडात घ्यायची, चावायची, सावकाश, डोळे मिटून, आणि मग त्याच्या तोंडाला तोंड लावून— पुढचं लिहीत नाही. मुलगा चोचीसारखं तोंड वर करून वाट बघत होता. येणारे-जाणारे कौतुकाने बघत होते. एका आजोबांच्या डोळ्यांत तर पाणी आलं.

घरी येऊन दात घासले. मग परत घासले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नीट लिहायचा प्रयत्न करतो.

शेजारचा पाववाला आला होता. दांडगा, गोरागोमटा माणूस, बाह्यांना कायम पीठ. माझ्यासाठी गरम पाव घेऊन आला होता. त्याच्या जबड्याखाली उजव्या बाजूला सूज दिसली. मी म्हटलं, लाळेच्या नळीत खडा अडकला असेल, बघून घेऊ. तो कशाला उगाच, कशाला उगाच करत होता, पण लाजेकाजेस्तव खुर्चीत बसला. मी जीभ कापसाच्या पट्टीने धरली आणि तो काही म्हणायच्या आत वर उचलून दिव्याचा झोत टाकला.

जिभेखाली काहीतरी होतं. आधी वाटलं, गाठ. बोटाच्या पेराएवढी, करडी-गुलाबी, ओलीचिंब. मग दिसलं की तिच्या पाठीवर खवल्यांसारखे आडवे पट्टे आहेत. मग दिसले पाय. बारीक, वाकडे, दोन्ही बाजूंना रांगेने, जिभेच्या मुळाच्या मांसात रुतलेले. मी आरशाच्या टोकाने स्पर्श केला तशी ती आकसली आणि तिने तोंड फिरवलं. तोंड म्हणतोय, कारण तिथे दोन काळे ठिपके होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

पाववाल्याने कचकन दात मिटले. आरशाची दांडी वाकली. माझं बोट थोडक्यात वाचलं. तो उठून बसला, दोन्ही हातांनी हनुवटी झाकली आणि पुढे-मागे डुलायला लागला, तान्ह्याला निजवतात तसा. तोंडाने हळू हळू गुंगुं आवाज. थोड्या वेळाने शांत झाला आणि मलाच सॉरी म्हणाला. म्हणाला, तुमची चूक नाही, तुम्ही नवीन आहात. तिला उजेड सोसत नाही.

तिला.

सिस्टर समोरच उभ्या होत्या. त्यांनी वाकलेला आरसा उचलला आणि टबात कोमट पाण्यात ठेवला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी लवकर खाली गेलो, सिस्टर यायच्या आधी. लाळेच्या नळीची गाळणी उघडली. इतके दिवस ती सिस्टरच साफ करायच्या, मला हातही लावू द्यायच्या नाहीत.

गाळणीत तांदळाच्या दाण्यांएवढी पिल्लं होती. मूठभर. त्या दुधट चिकट्यात एकमेकांवर चढत होती. काही एकमेकांच्या पाठीला धरून लोंबत होती. मला बेसिनमध्ये ओकारी झाली.

एक पिल्लू चिमट्याने उचलून काचेच्या बशीत घेतलं आणि भिंगाखाली पाहिलं. तेच पट्टे, तेच पाय. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या बाई एकदा शिकवत होत्या ते आठवलं. माशांच्या तोंडात शिरणारा एक किडा असतो, तो जिभेचं रक्त पिऊन ती सुकवतो आणि जिभेच्या जागी स्वतःच राहतो. आणि खेकड्याच्या अंगात वाढणारा एक जीव असतो. त्याची पिल्लं खेकडा आपलीच समजून सांभाळतो, नर असला तरी मादीसारखा पोटाशी धरतो, पाण्याचे हबके मारून त्यांना साफ ठेवतो. आम्ही मुलं तेव्हा हसलो होतो.

मोठे डॉक्टर आले तेव्हा मी बशी त्यांच्यापुढे सरकवली. तावातावाने बोललो. गावात साथ आहे, वर कळवायला हवं, दवाखाना आजच्या आज बंद. ते बशीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. थंडीत उघड्यावर टाकलेलं मूल दिसावं तसा चेहरा झाला. अरेरे, म्हणाले. गारठलंय की हो. त्यांनी ते करंगळीवर घेतलं, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि हळूच गालाच्या आत ठेवलं. मग गाळणीतली सगळी ओंजळीत घेतली. उरलेल्यांसाठी काकूंना हाक मारली.

काकू धावत आल्या, पदर सावरत, तोंड उघडूनच.

मी वर येऊन कडी लावली. उद्या पहिल्या बसने निघणार. पगार राहू दे त्यांच्याकडेच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बॅग भरलीय. उठवत नाही. अंगात कणकण आहे, दात वाजतायत. घशात काहीतरी— नुसता ताप असेल. दहा-अकरा दिवस इथलंच पाणी पितोय. पाववाल्याचे पाव खातोय. धुऊन थोडेच खाल्ले.

जिन्यावर पावलं. काकूंकडे दुसरी किल्ली आहे, हे मला कसं सुचलं नाही

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बरं वाटतंय. खूप बरं वाटतंय.

काकूंनी काय सेवा केली! उशाशी बसून होत्या. आठवतं ते लिहून ठेवतो. मी दात घट्ट मिटले होते, तर त्यांनी प्रेमाने माझं नाक दाबलं, औषध न घेणाऱ्या पोराचं दाबतात तसं. श्वास घ्यायला तोंड उघडावंच लागलं. सूप आधी स्वतःच्या तोंडात घ्यायच्या, घोळवायच्या, परत चमच्यात आणि मग मला. मला शहारा आला असणार, पण आता तो आठवत नाही. आठवतं ते इतकंच की सूप कोमट होतं, अगदी हवं तितकं, आणि मला आईची आठवण आली.

बॅग रिकामी करून कपडे कपाटात लावले. उगाच तडकाफडकी निघालो होतो. मोठे डॉक्टर एका शब्दानेही रागावले नाहीत.

आज हवा छान आहे. जेवणाला फार चव आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुपारी दोन पेशंटच्या मधे तहान लागली. सिस्टरच्या टेबलावर त्यांचा पेला होता, अर्धा प्यालेला. काठाला ओठांचा ओशट ठसा. मी उचलला आणि प्यालो. शेवटचा थेंब उरला तो पेला उलटा करून जिभेवर घेतला. मग काठ चाटला.

मग कळलं मी काय केलं.

दार लावून घेतलं, दिवा ओढला, दोन आरसे धरले, जीभ उचलली. आहे. छोटी आहे अजून, डाळीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. पाय रुतवलेत. दोन ठिपके.

चिमटा घेतला. हे मी रोज करतो, माझा हात कधी चुकत नाही. चिमटा तिच्या पाठीवर टेकला आणि मला रडू फुटलं. किळस नव्हे, भीती नव्हे. ताईची लेक जन्मली त्या दिवशी तिला माझ्या हातात दिली, मान धर म्हणाले, तेव्हा छातीत जे झालं होतं, अगदी तेच. एवढीशी, कोवळी, माझ्याशिवाय कोणी नाही तिला. आणि मी तिला लोखंडाने—

चिमटा ठेवून दिला.

ही माया माझी नाही. लिहून ठेवतो: ही माया माझी नाही. ती तिथून वर येते, जिभेच्या मुळातून, लाळेसारखी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मिठाचं पाणी घेतलं तोंडात. खळबळलं. ती आत घुसली, पाय ओढले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. थुंकलं तर रक्त. मग उकळता चहा. कप ओठाशी आणला आणि फुंकर घातली. परत आणला, परत फुंकर. कोमट झाल्यावर प्यालो.

तिला बरं वाटलं. मला कळतं तिला कधी बरं वाटतं. गोड काहीतरी सुटतं आत, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

वाढलीय. बोलताना दाताला लागते. मऊ.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ताईचा फोन आला. ठरवूनच उचलला: आधी इकडे येऊ नकोस म्हणायचं, मग सगळं सांगायचं. बोललो भरपूर. गाव किती छान, माणसं किती मायाळू, तू चार दिवस लेकीला घेऊन ये, तिचे दात बघू, काकू तिला भरवतील. माझं तोंड बोलत होतं आणि मी आत बसून ऐकत होतो. ताई म्हणाली, आवाज किती गोड झालाय रे तुझा, बोबडा बोलतोयस थोडा. शाळेला सुट्टी लागली की बघते म्हणाली.

फोन ठेवून मेसेज लिहिला. येऊ नका. आजार आहे. सरकारी दवाखान्याला कळव. सगळं नीट लिहिलं. पाठवायला बोट नेलं आणि वाटलं, कशाला? घरातली गोष्ट घरात. लोक औषधं फवारत येतील, कोवळ्या जीवांवर. पुसून टाकला.

कोणी हात धरला नव्हता. मी लढलो, हरलो, असंही नाही. मलाच पाठवावासा वाटेना. हे जास्त—

सोमवार, २४ फेब्रुवारी

ऑटोक्लेव्हवर परत फुलदाणी ठेवली. छान दिसते.

आज पाववाल्याकडे बसून एकाच ताटात जेवलो. त्याची भरलीय, लवकरच पिल्लं सोडेल. मला म्हणाला, डॉक्टर, तुमचं काम सगळ्यात भाग्याचं. आम्ही एकेकाला भरवत बसतो. तुमच्या हातून सगळं गाव जातं.

शाळेच्या बाई आल्या होत्या. अजून त्यांच्या शाळेतल्या लहान वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या तोंडात काही नाही. बाहेरून आलेली कुटुंबं, स्वतःचे डबे, स्वतःच्या बाटल्या. शिष्ट! मीच सुचवलं की वर्ग इकडे आणा, दात तपासतो. बुधवारी सकाळी. बाईंनी माझे हात हातात घेतले. दोघांच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं, पुसत पुसत हसलो.

टब घासून ठेवला. पाणी किती कोमट हवं ते आता मला हाताला कळतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

भराभर लिहितो. वेळ नाही.

पहाटेपासून जागा होतो. मुलं येणार म्हणून आनंदाने, असं वाटत होतं. हत्यारं मांडताना हातात भुलीचं इंजेक्शन आलं. एक क्षण, एकच, विचार स्वच्छ झाला: तिला भूल दे. विचार पुरा व्हायच्या आत वर पळालो, कडी लावली, आरसाही न बघता सुई जिभेखाली खुपसली.

सुन्न. जीभ, ओठ, हनुवटी. आणि ती. तिचं गाणं थांबलं. इतके दिवस आत कोणी गुणगुणत होतं, ते थांबल्यावर कळलं.

मी आहे. मीच लिहितोय हे.

अंगभर किळस आली, आधीची, माझी, खरी. किती बरं वाटलं किळस आल्यावर. काय काय खाल्लं मी, कोणाकोणाच्या तोंडातलं. ओकलो. अजून बादली जवळच आहे.

ज्याला हे सापडेल त्याने: मुलांना पुलापलीकडे ठेवा. कोणाचं काही खाऊ नका. इथली हत्यारं वाफेत घाला. सगळी. इथले लोक वाईट नाहीत. ते प्रेमच करतायत, तेच तर—

आरसा धरून पाहिलं. जीभ उचलायला गेलो तर उचलायला जीभ फारशी उरलीच नाही. मूळ आहे, पुढचं टोक सुकून चिंधीसारखं झालंय. त्यावर ती बसलीय. मी बोलतो ते तिनेच. तिला उपटली तर मोठी शीर फुटेल. दाताचा डॉक्टर आहे, मला माहीत आहे किती रक्त येईल. मदतीला कोणी नाही. कापूस आहे, टाके घालायची सुई आहे. जगलो तर मुका. चालेल. चालेल मला.

एकदा ओढलं. एका बाजूचे पाय सुटले. तिच्या पोटाखाली पिल्लांची पिशवी आहे, फुगलेली, आतून वळवळतेय. आजच फुटणार होती. मुलांसाठी.

ओठाला मुंग्या यायला लागल्या. इतक्यात? दुसरी कुपी. पळताना दोन उचलल्याशा वाटल्या होत्या. खिशात एकच निघाली, ती रिकामी. एकच घेतली होती. मीच.

पुलावरून आवाज येतोय. रांगेने येतायत, गाणं म्हणत.

आत्ता. चिमटा धरला. ओढतो. ताई, मी तुला ये म्हणालो ते मी नव्हतो, तू

हलली.

थंड पडलीय. घाबरलीय बिचारी. पाय शोधतायत मला.

मी लावला चिमटा तिला. या हाताने. कसं धजावलं माझं मन? परत रुतू दे, रुत बाळा, रुत. रक्त पुसलं. कोमट पाणी दिलं. बघ, झालं की नाही बरं.

सिस्टर दार वाजवतायत. आलोच म्हणालो. किती गोड आवाज आला.

खाली सगळी खुर्चीभोवती जमलीत म्हणे. पहिली एक मुलगी आहे, दोन वेण्यांची, फार घाबरलीय, डॉक्टर ओरडतील म्हणते. ओरडेन कशाला गं. मांडीवरच घेईन. म्हणेन, काही दुखत नाही, इकडे बघ, माझ्याकडे बघ, शहाणी माझी, मोठा आ कर, अजून, अजून मोठा, आ—